ऑटोसॅम्प्लरची आरएसडी पुन्हा पुन्हा फेल होतेय? पाना उचलण्याआधी सहा आकडे क्रमाने वाचा

"सर, रोटर सील नवीन टाकलं, नीडल बदलली, सिरिंजही बदलली. आठवडाभर मशीन छान चाललं आणि आज पुन्हा आरएसडी फेल." नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नर, कुठल्याही एमआयडीसीतल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकायला मिळतं. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) स्टँडर्डची, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणाची, पाच-सहा इंजेक्शनं लावायची, ती ऑटोसॅम्प्लर व्हायलमधून (छोट्या काचेच्या बाटलीतून) आपोआप देतो, आणि एरियाची, म्हणजे आलेखावरच्या शिखराच्या (पीकच्या) क्षेत्रफळाची, आरएसडी (आकडे सरासरीभोवती किती टक्के पसरलेत ते) २.० टक्क्यांच्या आत आली की पुढचा सिक्वेन्स सोडायचा, एवढा साधा नियम. पण एक दिवस ०.५ येते, दुसऱ्या दिवशी २.३, आणि नेमकी ज्या दिवशी डिस्पॅच अडलेला असतो त्या दिवशी ३ च्या वर.

पार्ट खराब होतच नाहीत असं नाही. व्हॉल्व्हमधलं रोटर सील झिजतं, नीडलचं टोक वाकतं, सिरिंजच्या प्लंजरचं टोक गळायला लागतं. पण पार्ट बदलल्यावर थोडे दिवस बरं वाटून तीच तक्रार परत येत असेल, तर कारण बहुतेक वेळा पार्टच्या बाहेर असतं. व्हायलमध्ये, नीडल धुण्याच्या म्हणजे वॉशच्या बाटलीत, व्हायल ठेवायच्या ट्रेच्या तापमानात किंवा सॅम्पल ज्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलंय त्यात. आणि ते कारण कुठं आहे याची खूण त्या फेल झालेल्या सहा आकड्यांतच असते. ते आपण वाचत नाही, कारण आपली नजर थेट खालच्या आरएसडीच्या ओळीवर जाते.

एकच आरएसडी, दोन वेगळे आजार

हे सहा एरिया बघा: १०३००, १०१८०, १००६०, ९९४०, ९८२०, ९७००. आता हे बघा: ९९४०, १०३००, ९७००, १०१८०, ९८२०, १००६०. दोन्हीकडे तेच सहा आकडे आहेत, फक्त क्रम बदललाय. सरासरी १००००, आरएसडी २.२ टक्के, दोन्हीची तंतोतंत सारखी. पण पहिल्या लॅबमध्ये एरिया दर इंजेक्शनला पद्धतशीर उतरतोय आणि दुसऱ्या लॅबमध्ये तो वर-खाली उड्या मारतोय. पहिल्या ठिकाणी सिरिंज बदलली तर पैसे वाया जातील. दुसऱ्या ठिकाणी व्हायलची झाकणं सैल करत बसलात तर वेळ वाया जाईल.

म्हणून फेल झालेला रन बंद करण्याआधी एरिया इंजेक्शनच्या क्रमाने एका कागदावर लिहा, नाहीतर एक्सेलमध्ये साधा रेषेचा आलेख काढा. उतार आहे, चढ आहे, विखुरलंय, पहिलंच इंजेक्शन वेगळं आहे, की पाच छान आणि मधलं एक अर्धं? या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय टूलबॉक्स उघडू नये, असं माझं ठाम मत आहे.

सॅम्प्लरला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट आरटी, म्हणजे टोचल्यापासून पीक दिसेपर्यंतची वेळ. यूव्ही डिटेक्टरमध्ये पीकचा एरिया फ्लोच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. फ्लो एक टक्का कमी पडला तर पीक डिटेक्टरच्या सेलमध्ये एक टक्का जास्त वेळ थांबतो, एरिया एक टक्का वाढतो आणि आरटीही तेवढीच पुढं सरकते. तेव्हा एरिया आणि आरटी एकाच दिशेने हलत असतील तर पंपाकडे जा. चेक व्हॉल्व्ह, पंप सील, डीगॅसर (सॉल्व्हंटमधली हवा काढणारा भाग). ऑटोसॅम्प्लर तिथे निर्दोष असतो, पण शिव्या त्यालाच बसतात.

दुसरी गोष्ट दोन पीकचं गुणोत्तर. स्टँडर्डमध्ये दोन घटक असतील, किंवा इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी मुद्दाम घातलेला घटक) असेल, तर प्रत्येक इंजेक्शनला एकाचा एरिया दुसऱ्याने भागा. दोन्ही एरिया हलताहेत पण गुणोत्तर स्थिर आहे, तर आत जाणारा व्हॉल्यूम कमी-जास्त होतोय. तुम्ही योग्य दारात उभे आहात. गुणोत्तरही हलत असेल तर इंटिग्रेशन (एरिया मोजण्याची रीत) बघा, बेसलाइन (पीकखालची मूळ रेषा) बघा, एक घटक द्रावणात मोडतोय का ते बघा, किंवा तो काचेला चिकटतोय का ते. एकच पीक असलेल्या मेथडमध्ये ही सोय नसते. अशा वेळी तपासणीपुरतं पाण्यातलं कॅफिन २७२ नॅनोमीटरवर चालवावं. स्वस्त, स्थिर, पाण्यात विरघळणारं, उगाच कुठं चिकटत नाही. कॅफिनची आरएसडी ०.३ येत असेल आणि तुमच्या प्रॉडक्टची २.५, तर मशीनला सोडून द्या आणि सॅम्पलच्या मागे लागा.

उतरता आलेख: व्हायलमधली पोकळी

यावर जरा जास्त लिहितो, कारण हे सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि सगळ्यात कमी वेळा ओळखलं जातं.

आपल्याकडे व्हायल गळ्यापर्यंत भरायची सवय आहे. कमी पडायला नको, हा घरातला संस्कार लॅबमध्येही येतो. दोन मिलीच्या व्हायलमध्ये प्रत्यक्षात साधारण दीड मिली आरामात मावतं. गळ्यापर्यंत भरलं की वर हवेला जागा उरते जेमतेम ०.१ मिली. आता २० मायक्रोलिटरची दहा इंजेक्शनं घेतली, म्हणजे ०.२ मिली द्रावण बाहेर गेलं. सेप्टम (झाकणातला लवचीक पडदा) नीट बसलेला असेल आणि बाहेरची हवा आत शिरली नसेल, तर ०.१ मिली हवा आता ०.३ मिली जागेत पसरलीय. आतला दाब एक तृतीयांशावर आला. सिरिंज प्लंजर मागे ओढते तेव्हा द्रावण त्या पोकळीविरुद्ध वर यायचं असतं. ते कमी येतं, किंवा त्यात विरघळलेला वायू बुडबुडा होऊन सोबत येतो. टेट्रापॅकमधला ज्यूस स्ट्रॉने ओढताना खोकं आत चेपतं म्हणून ज्यूस येत राहतो. काच चेपत नाही.

तीच व्हायल अर्धी भरली, वर ०.८ मिली हवा ठेवली, तर दहा इंजेक्शनांनंतर दाब ०.८ पटीवरच थांबतो. फरक लगेच दिसतो.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. एरिया उतरत आलेली व्हायल ट्रेमधून काढा, झाकण एक फेरा सैल करून परत घट्ट करा आणि तीच व्हायल पुन्हा लावा. एरिया उडी मारून मूळ जागी आला, तर पोकळीच होती. त्याच द्रावणाची नवी व्हायल भरून लावली तरी एरिया वर येतो, पण तो पुरावा तेवढा नेमका नाही. काचेला चिकटणारा बेसिक घटक असेल तरीही नव्या व्हायलमध्ये सुरुवातीला आकडा वरच येतो. झाकण सैल करण्याची चाचणी फक्त हवेबद्दल बोलते.

उपाय: व्हायल दोन तृतीयांशाच्या वर भरायची नाही. एकाच व्हायलमधून भरपूर इंजेक्शनं घ्यायची असतील तर त्याच द्रावणाच्या दोन-तीन व्हायल करा, किंवा आधीच चीर दिलेला सेप्टम वापरा. त्या चिरेतून हवा आत येते. पण तीच चीर सॉल्व्हंटची वाफ बाहेरही सोडते, त्यामुळे एथिल अॅसिटेट, अॅसिटोन, डायक्लोरोमिथेन अशा उडणाऱ्या सॉल्व्हंटला तो चालत नाही. एक बाजू सांभाळली की दुसरी उघडी पडते. मेथड बघून ठरवायचं.

झाकण किती घट्ट? स्क्रू कॅपचा सेप्टम वरून सपाट दिसला पाहिजे. खोलगट झाला असेल तर जास्त आवळलंय, आणि तो टोचल्यावर फाटतो किंवा पुढं ढकलला जाऊन व्हायलमध्ये पडतो. क्रिंप कॅप असेल तर ती बोटाने फिरता कामा नये. एवढंच.

उतार फक्त एकाच पीकमध्ये असेल आणि दुसरा ठाम उभा असेल तर पोकळीचा संबंध नाही. घटक मोडतोय किंवा चिकटतोय. ट्रे गार करून फरक पडतो का, अंबर (तपकिरी) व्हायलने पडतो का, डायल्युअंट (सॅम्पल विरघळवायचं सॉल्व्हंट) किंचित आम्लधर्मी केल्याने पडतो का, ते पाहावं.

चढता आलेख

द्रावण आटतंय. नाशिकचा एप्रिल-मे, पारा चाळिशीला टेकलेला आणि रात्री एसी बंद करायची पद्धत असेल तर हे ओळखायला फार वेळ लागत नाही. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, अॅसिटोन ५६ ला. एकदा टोचलेल्या सेप्टममधून रात्रभर वाफ जाते आणि सकाळचं ब्रॅकेटिंग स्टँडर्ड (सॅम्पलांच्या आधी-नंतर लावलेलं स्टँडर्ड) संध्याकाळच्यापेक्षा जड निघतं. दोन्ही पीक एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून गुणोत्तर स्थिर असतं आणि आपण उगाच सिरिंजवर संशय घेतो. व्हायल रनच्या आधी आणि नंतर वजन करून पाहिली की संशय फिटतो. रात्रभराच्या सिक्वेन्समध्ये प्रत्येक ब्रॅकेटिंगसाठी वेगळी, न टोचलेली व्हायल ठेवली की प्रश्नच मिटतो.

विखुरलेले आकडे: हवा कुठून शिरते

आकडे वर-खाली उडताहेत, गुणोत्तर स्थिर आहे, आरटी स्थिर आहे. आता मात्र सॅम्प्लरच. पण अजूनही पार्टच्या आधी बुडबुडा.

सिरिंजमध्ये किंवा तिच्या नळीत हवेचा छोटासा बुडबुडा असला, की प्लंजर मागे जाताना द्रावण येण्याऐवजी आधी बुडबुडा ताणला जातो. तो किती ताणला जाईल हे दर वेळी सारखं नसतं. काचेची सिरिंज दिसत असेल तर टॉर्च मारून बघा. प्राइम करा, म्हणजे सॉल्व्हंट ओढून हवा बाहेर काढा, दोन-तीन वेळा. तरीही सकाळी परत हवा दिसत असेल तर ती कुठून तरी रोज आत येतेय: वॉशच्या बाटलीचं सॉल्व्हंट डीगॅस केलेलं नाही, नळीचं टोक बाटलीच्या तळापर्यंत पोचत नाही, किंवा फिटिंग सैल आहे. ज्या मशीनमध्ये वॉश किंवा मीटरिंगची लाइन डीगॅसरमधून जात नाही, तिथं वॉश सॉल्व्हंट रोज सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी हवा काढून) भरावं लागतं. मिथेनॉल आणि पाणी एकत्र केल्यावर हवा सुटते, हे आपण मोबाइल फेजला (मशीनमधून सतत वाहणाऱ्या सॉल्व्हंटला) लक्षात ठेवतो आणि वॉशच्या बाटलीला विसरतो.

वॉशच्या बाटलीत नुसतं पाणी ठेवणं हा दुसरा घोटाळा. सुट्ट्या लागून आल्या की आठवडाभरात त्यात शेवाळी, बुरशी धरते आणि ती नळीतून नीडलपर्यंत जाते. दहा टक्के मिथेनॉल घातलं की काम भागतं.

सॅम्पल दाट असेल तर ओढण्याचा वेग कमी करा. २५ अंशांवर मिथेनॉल-पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण नुसत्या पाण्याच्या जवळपास दुप्पट घट्ट असतं. गार ट्रेमध्ये हे आणखी वाढतं. नुसतं पाणीच ५ अंशांना २५ अंशांच्या मानाने सुमारे १.७ पट घट्ट होतं. सिरिंज आपल्या वेगाने मागे जाते, द्रावण मागाहून येतं, आणि ते पोचायच्या आत नीडल वर उचलली जाते. ओढण्याचा वेग निम्मा करा, ओढल्यानंतर दोन-तीन सेकंद थांबायची सोय असेल तर ती वापरा. अनेक लॅबमध्ये हे सेटिंग मशीन बसवल्या दिवसापासून कुणी उघडलेलं नसतं.

डीएमएसओमध्ये सॅम्पल विरघळवणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ: डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं. ट्रे ८ अंशांवर ठेवून 'एरियाच येत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी व्हायल हातात घेऊन हलवून पाहावी.

इन्सर्ट (कमी सॅम्पलसाठी व्हायलमध्ये बसवायची बारीक नळी) वापरत असाल तर त्याच्या निमुळत्या तळाशी अडकलेला बुडबुडा हमखास असतो. व्हायलला बोटाने टिचकी मारून तो वर काढा. इन्सर्टची स्प्रिंग तिरकी बसली तर नीडल काचेच्या भिंतीला लागते. नीडलचं टोक तळापासून दोन-तीन मिलिमीटर वर राहील अशी खोली ठेवा. तळाला टेकलं तर भोक बंद होतं आणि तोच एक आकडा अर्धा येतो. पाच छान आणि एक अर्धा, असा आलेख दिसला की मी आधी व्हायल उजेडात धरून सेप्टमचे काळे-पांढरे तुकडे तरंगताहेत का ते बघतो. ट्रेच्या ठरावीक जागांवरच असं होत असेल, तर ट्रे किंवा आर्म सरकलाय. अलाइनमेंटसाठी इंजिनिअर लागेल.

पहिलंच इंजेक्शन कमी आणि बाकी सगळी नीट, हा प्रकार बहुधा आजार नसतोच. रात्रभर बंद राहिलेली लाइन, किंवा कॉलमच्या (घटक वेगळे करणाऱ्या नळीच्या) चिकट जागा पहिल्या इंजेक्शनात भरणं. स्टँडर्डची एक-दोन इंजेक्शनं आधी देण्याची तरतूद मेथडमध्ये लिहून घ्या. लिहून घ्या, हे महत्त्वाचं. का ते पुढे येईल.

सील दर काही महिन्यांनी का जातं

आता ज्यांचा पार्ट खरोखरच खराब होतो त्यांच्याबद्दल. एका लॅबमध्ये रोटर सील वारंवार चरे पडून जायचं. प्रत्येक वेळी नवं सील, प्रत्येक वेळी बिल, आणि 'क्वालिटी राहिली नाही हो पार्टची' हा ठरलेला शेरा. मोबाइल फेज होता फॉस्फेट बफर आणि अॅसिटोनायट्राइल. नीडल वॉशला शुद्ध अॅसिटोनायट्राइल, कारण 'त्याने स्वच्छ होतं'. फॉस्फेटचे क्षार जास्त अॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळून राहत नाहीत, पांढरी बारीक पूड होऊन बाहेर पडतात. व्हॉल्व्ह फिरताना बफर आणि वॉश जिथं भेटतात तिथंच ती पूड पडायची आणि सीलवर किसणीसारखी फिरायची. वॉश बदलून पाणी-अॅसिटोनायट्राइल निम्मं-निम्मं केलं, रोज शेवटी बफर पाण्याने धुऊन मगच ऑरगॅनिकवर जायची शिस्त लावली, आणि सीलची खरेदी थंडावली.

तुमच्याकडे हे होतंय का हे तपासायला चाचणीनळी पुरते. मोबाइल फेजचा बफर एक भाग आणि वॉश सॉल्व्हंट चार-पाच भाग एकत्र करा, ट्रेच्या तापमानाला थोडा वेळ ठेवा, उजेडात बघा. गढूळ झालं तर तुमच्या व्हॉल्व्हमध्येही तेच चाललंय.

दुसरं कारण न गाळलेलं सॅम्पल. औषधाच्या गोळीतले एक्सिपियंट (औषधाशिवायचे भरणाचे पदार्थ) असोत किंवा द्राक्षाच्या सालीचा अर्क, ०.४५ किंवा ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर वाचवून कुणी श्रीमंत झालेलं मी पाहिलं नाही. गाळताना पहिला एक-दोन मिली भाग टाकून द्या, कारण फिल्टरचा पडदा सुरुवातीला काही घटक धरून ठेवतो. फिल्टरने एरिया बदलत नाही ना हे एकदा स्टँडर्ड गाळून आणि न गाळता तपासावं.

नीडल सीट (नीडल जिथं येऊन बसते तो भाग) गळतेय का हे डोळ्यांनी कळतं. बफर चालणाऱ्या मशीनवर सीटभोवती पांढरा क्षार जमलेला दिसतो. कॉलमच्या जागी युनियन (साधा जोड) जोडून दाब उतरवल्यावर आरएसडी एकदम सुधारली तरी गळतीचाच संशय धरावा.

पावसाळ्यात आणि वीज गेल्यावर

जुलैमध्ये ट्रे ५ अंशांवर ठेवून दार दर अर्ध्या तासाला उघडलं, की आतल्या गार व्हायलवर दव धरतं. सेप्टमच्या खोलगट भागात पाण्याचा थेंब साचतो, नीडल तो थेंब सोबत घेऊन आत जाते. दोनशे मायक्रोलिटरच्या इन्सर्टमध्ये एक-दोन थेंबही भारी पडतात. सॅम्पल स्थिर राहत असेल तर ट्रे १५ अंशांवर ठेवा. ५ अंश हे पवित्र तापमान नाही. पाणी निचऱ्याची नळी वाकून तुंबलेली नाही ना तेही पाहा. मशीनखाली टॉवेल ठेवणं हा उपाय नव्हे.

वीज गेली की यूपीएसवर मशीन चालू राहतं, पण एसी यूपीएसवर नसतो. खोली तापते. वीज बराच वेळ गेली आणि मशीनही बंद पडलं, तर डीगॅसरचा व्हॅक्यूम उतरतो, लाइनमधलं सॉल्व्हंट पुन्हा हवा धरतं. वीज आल्याआल्या घाईने सिक्वेन्स जिथं थांबला तिथून सुरू केला तर पुढची काही इंजेक्शनं विखुरलेली येणारच. सगळ्या लाइन पर्ज करा (ताज्या सॉल्व्हंटने धुऊन काढा), सिरिंज प्राइम करा, बेसलाइन सपाट होऊ द्या. अर्धा तास जातो. दुसऱ्या दिवशीच्या डेव्हिएशन रिपोर्टला त्याहून जास्त जातो.

वजनकाट्याची चाचणी

इतकं करूनही आकडे विखुरलेलेच असतील, तर दोष ओढण्यात आहे की ओढलेलं द्रावण कॉलमपर्यंत पोचण्यात, हे वेगळं काढा. व्हायलमध्ये पाणी भरा, ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या, ५० मायक्रोलिटरची दहा इंजेक्शनं द्या, परत वजन करा. २५ अंशांना पाण्याची घनता ०.९९७, म्हणजे सुमारे ४९८ मिलिग्रॅम घट यायला हवी. शेजारी पाण्याची आणखी एक व्हायल इंजेक्शन न देता ट्रेमध्ये ठेवून तिचंही वजन घ्या, म्हणजे बाष्पीभवन वजा करता येतं. काही डिझाइनमध्ये लूप (सॅम्पल धरणारी नळी) भरताना जास्तीचं द्रावण वेस्टला जातं. तिथं घट जास्त दिसते, ती मॅन्युअल बघून हिशोबात धरा.

घट बरोबर आणि दर वेळी सारखी, पण एरिया विखुरलेला? मग सिरिंज ठीक आहे, गळती पुढे आहे: सीट, व्हॉल्व्ह, फिटिंग. घटच कमी-जास्त? मग हवा, सिरिंज, नीडल, व्हायल.

याला जोडून आणखी एक, थोडी कमी वापरली जाणारी चाचणी: त्याच स्टँडर्डचे ५, १०, २०, ४० मायक्रोलिटर टोचून एरियाची रेषा काढा. रेषा शून्यातून जायला हवी. शून्याच्या खाली छेद देत असेल तर प्रत्येक इंजेक्शनला ठरावीक व्हॉल्यूम वाया जातोय. वर छेद देत असेल तर प्रत्येक वेळी काहीतरी जास्तीचं आत जातंय, बहुधा नीडलच्या बाहेरून किंवा मागच्या इंजेक्शनचं उरलेलं.

मागच्या सॅम्पलचं पुढच्यात

हा प्रश्न औषधवाल्यांपेक्षा द्राक्षवाल्यांना जास्त सतावतो. निर्यातीच्या हंगामात दिंडोरी, निफाडकडची सॅम्पलं लॅबमध्ये रांगेने येतात. युरोपात ज्या कीडनाशकाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ही सरसकट मर्यादा लागते. हिशोब करा: एका सॅम्पलमध्ये एखादा घटक २ मिलिग्रॅम प्रति किलो आहे आणि तुमच्या सॅम्प्लरचा कॅरीओव्हर (मागच्या सॅम्पलचा पुढच्यात येणारा अंश) ०.५ टक्के आहे. पुढच्या, अगदी स्वच्छ बागेच्या सॅम्पलमध्ये ०.०१ दिसेल. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत सीसीसीच्या अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. तो फटका ज्या भागाने सोसलाय तिथं कॅरीओव्हरमुळे एखाद्याचा माल चुकीने नापास ठरणं परवडणारं नाही.

आधी ओळखा, तो कॅरीओव्हरच आहे का. सगळ्यात वरच्या कॅलिब्रेशन स्टँडर्डनंतर लागोपाठ तीन-चार ब्लँक (घटक नसलेलं नुसतं सॉल्व्हंट) लावा. पीक दर ब्लँकला झपाट्याने लहान होत गेला तर कॅरीओव्हर. सगळ्या ब्लँकमध्ये तेवढाच राहिला तर ब्लँकचं सॉल्व्हंट किंवा व्हायलच दूषित आहे. आणि काहीही न टोचता नुसता ग्रेडियंट (मोबाइल फेजचं प्रमाण बदलत नेणारा रन) चालवूनही पीक आला तर तो मोबाइल फेज किंवा कॉलममधून येतोय, नीडल कितीही धुवा.

वॉश घटकाच्या स्वभावाप्रमाणे निवडावं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड, अबामेक्टिन असे तेलकट घटक पाण्याने हलत नाहीत. त्यांना आयसोप्रोपेनॉल किंवा अॅसिटोनायट्राइल हवं. उलट सीसीसीसारखा कायम धन प्रभार असलेला घटक नुसत्या अॅसिटोनायट्राइलला दाद देत नाही. त्याला पाणी हवं आणि थोडं फॉर्मिक अॅसिड हवं. दोन वॉश पोर्ट असतील तर एकात हे, एकात ते. सिक्वेन्स लावताना जास्त अवशेष अपेक्षित असलेलं सॅम्पल शेवटी ठेवा, आणि जास्त निघालेल्या सॅम्पलच्या पुढचा निकाल ब्लँकनंतर परत तपासण्याची अट एसओपीतच (लेखी कार्यपद्धतीतच) घाला.

इंजिनिअरला फोन करताना

इंजिनिअर मुंबईहून किंवा पुण्याहून येणार, मध्ये कसारा घाट नाहीतर पुण्याचा हायवे. तो पोचेपर्यंत दिवस गेलेला असतो, म्हणून फोनवरच त्याला कामाची माहिती द्या. 'आरएसडी फेल आहे' एवढ्यावर तो फक्त सील आणि नीडल बॅगेत टाकेल. 'एरिया विखुरलेला आहे, दोन पीकचं गुणोत्तर स्थिर, आरटी स्थिर, वजनाने घट बरोबर, सीटभोवती क्षार' असं सांगितलंत तर तो सीट घेऊन येईल.

आणि तपासणी करताना हातात स्टँडर्ड किंवा कॅफिन असू द्या, बॅचचं सॅम्पल नको. प्रत्यक्ष सॅम्पल 'ट्रायल' किंवा 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये टोचून पाहण्यावर अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) डिसेंबर २०१८ च्या डेटा इंटिग्रिटी मार्गदर्शनात स्पष्ट आक्षेप घेतलाय, आणि ऑडिट ट्रेलमध्ये (मशीनवरच्या कामांच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) ते इंजेक्शन कायमचं बसतं. सुरुवातीची इंजेक्शनं मेथडमध्ये लिहून घ्या म्हटलं ते यासाठीच. फेल झालेली सिस्टिम सुटेबिलिटी (सॅम्पलआधीची आरएसडीसारखी चाचणी) कारण न शोधता पुन्हा पुन्हा लावत राहून कधीतरी पास होते, हे खरं आहे. ऑडिटर आल्यावर तो आधी तेच उघडतो. फेल रनचा क्रमाने काढलेला आलेख, काय तपासलं आणि काय बदललं याची नोंद मशीनच्या लॉगबुकात त्याच पानावर चिकटवा. पुढच्या वेळी तीच तक्रार आली की मागचा आलेख शेजारी धरून बघता येतो, आणि दोन्ही आलेखांची चाल सारखी निघाली तर मागच्या वेळी बदललेला पार्ट परत मागवायची गरज नसते.